बॉनेट गार असताना

जुनी गाडी तपासायला गेले की नाडीवाले आधी गाडीकडे नीट बघतसुद्धा नसत. सरळ पुढे व्हायचे, पालथा हात बॉनेटवर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. बॉनेट कोमट लागलं की आल्या पावली परत. मालक मागून ओरडत राहायचा, "अहो, आत्ताच सावलीत घेतली म्हणून तापलीय!" हे कसले वळतायत! जर्मन गाडी गार असतानाच खरं बोलते, एकदा तापली की तीही मालकासारखी गोड बोलायला लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला पहिली किल्ली मारल्यावरचे दोन सेकंद त्यांना पुरायचे. टायमिंग चेन सैल असेल तर तेवढ्यात डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते, मग तेल वर चढतं आणि आवाज बंद. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात.

तीस वर्षं हाच धंदा. लोक त्यांना नाडीवाले म्हणायचे ते उगाच नाही. रंगाला, चामड्याच्या सीटला ते कधी भुलले नाहीत. 'वरून कीर्तन आतून तमाशा' असल्या किती गाड्या त्यांनी उघड्या पाडल्या त्याला गणती नाही. शेवटी निकाल एका शब्दात, 'घ्या' किंवा 'नको', आणि हातात दोषांची यादी. यादीची शेवटची ओळ मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच असायची: उभ्या गाडीचं नुसतं इंजिन चालवू नका, फिरवा नाहीतर बंद ठेवा. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. आतलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, तेलाचा चोथा होतो, आणि मालक मात्र रोज समाधानाने किल्ली खिशात टाकतो. "मायेने मारतात लेकाचे," असं ते चिडून म्हणायचे.

एका गुरुवारी एका फोटोग्राफरचा फोन आला. हौशी, बडबड्या माणूस. त्याला जर्मन गाडीच हवी होती, का तर गिऱ्हाइकासमोर उतरताना वजन पडतं. "एका बाईंची आहे. गडद हिरवी. मिस्टर वारले, बाई आता मुलीकडे राहायला जातायत म्हणून विकतायत. लिहून घ्या पत्ता."

पत्ता लिहून घ्यायची गरज नव्हती. पहिले दोन शब्द ऐकले आणि नाडीवाल्यांच्या हातातला पेन थांबला. ते घर त्यांच्या दादाचं होतं.

आता हे सांगायलाच हवं. वडील लवकर गेले, तेव्हा दादानेच त्यांना वाढवलं. दादा छापखान्यात मशीनवर होता. पान्यांची पहिली पेटी त्यानेच धाकट्याला आणून दिली होती, स्वतः दोन वर्षं फाटक्या चपलांवर काढून. निवृत्त झाल्यावर त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक चैन करायची ठरवली, आणि मोठ्या कौतुकाने धाकट्याला म्हणाला, "चल, माझ्या गाडीची नाडी बघ."

आणि धाकट्याने काय केलं? विकणाऱ्यासमोर, वहिनीसमोर, लेकीसमोर चौदा ओळींचा कागद दादाच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "दादा, हा पांढरा हत्ती आहे. सहा महिन्यांत दारात कुजेल. तुला यातलं काय कळतं?" निकाल बरोबर होता हो. चेन वाजत होती, तेल झिरपत होतं, पाण्याची टाकी तडकली होती. पण ते शेवटचं वाक्य कशाला बोलायचं? जीभ म्हणजे काय पाना आहे, लागेल तिथे घालून पिळायला?

दादाचा चेहरा उतरला. त्याने तिथल्या तिथे गाडी घेतली. "सहा महिन्यांनी ये. गार गाडी चालू करून दाखवतो. तेव्हा 'दादा, गाडी चांगली निघाली' एवढं म्हण. बाकी काही नको मला."

सहा महिने झाले, धाकटा गेला नाही. वर्षाने दादाचा निरोप आला, गाडी झकास चाललीय, ये. तरी गेला नाही. गाडी खरंच झकास असली तर आपला शब्द खोटा पडणार, आणि शब्दावरच तर पोट! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसली गत. होता होता आठ-नऊ वर्षं गेली. दादा अंथरुणाला खिळल्याचं कानावर आलं, तेव्हा ठरवलं, या रविवारी जायचंच. मग पुढच्या रविवारी. असे बरेच रविवार गेले, आणि मग दादाच गेला. अंत्ययात्रेत नाडीवाले सगळ्यात मागे उभे होते. वहिनींसमोर जायची हिंमत झाली नाही, तसेच परतले. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

फोटोग्राफरला 'जमणार नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "सकाळी आठला येतो."

दार वहिनींनीच उघडलं. केस पांढरे झालेले, चष्म्याची काच जाड झालेली. फोटोग्राफर ओळख करून द्यायला लागला, "हे आमचे एक्सपर्ट..." वहिनींनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

"या भावजी. हे साहेब फोनवर म्हणाले माझा माणूस बॉनेटला हात लावून बघतो, तेव्हाच मी ओळखलं. रोज आठाच्या आत चालू करते, आज नाही केली. गारच आहे."

"तुम्ही दोघं ओळखता एकमेकांना?" फोटोग्राफर चकित झाला.

"माझे धाकटे दीर," वहिनी म्हणाल्या. एवढंच. ना टोमणा, ना रुसवा. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं नाडीवाल्यांना वाटून गेलं.

गाडी अंगणात छपराखाली उभी होती. पुसून लख्ख. त्यांनी पालथा हात बॉनेटवर ठेवला. गार होतं. मग आत बसून, काच खाली करून पहिली किल्ली मारली आणि कान दिला.

एक सेकंद. दोन सेकंद. चेन वाजली नाही! अकरा वर्षांपूर्वी खडखडणारी चेन आज गप्प होती. दादाने ती बदलून घेतली होती. तेवढ्यात खालून दुसरा आवाज सुरू झाला. जड, संथ ठकठक. तो आवाज त्यांना चांगला माहीत होता. इंजिनाची आतली बेअरिंगं गेलेली होती.

त्यांनी झटकन गाडी बंद केली, खाली उतरून तेलाचं झाकण काढलं. झाकणाला आतून पिवळट, चिकट साय धरली होती. रेडिएटर बघितला, त्यातलं पाणी स्वच्छ, म्हणजे गास्केट शाबूत होतं, तिथून तेलात पाणी शिरलेलं नव्हतं. टायर एकाच जागी बसून खाली चपटे झाले होते. मग सर्व्हिसचं पुस्तक मागितलं. शेवटची नोंद अडीच वर्षांपूर्वीची, एक लाख अठरा हजार चारशे किलोमीटर. मीटरवर आज एक लाख अठरा हजार चारशे बारा. बारा किलोमीटर म्हणजे गॅरेजपासून या अंगणापर्यंतचं अंतर. त्यानंतर गाडी हललीच नव्हती, आणि इंजिन मात्र चालून चालून संपलं होतं.

"वहिनी, रोज चालू करता म्हणालात?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही. पाच मिनिटं, घड्याळ लावून. मला चालवता कुठे येते? पण किल्ली फिरवायला त्यांनी शिकवलं ना. पडून असायचे ते खिडकीपाशी. खिडकी उघडायला लावायचे आणि कान देऊन ऐकायचे. म्हणायचे, 'ऐकलंस? चेन वाजत नाही. आज आला तर त्याला ऐकवू.' ते गेले तरी मी सोडलं नाही. पंपावरून कॅनमधून पेट्रोल आणते. पंपावरची पोरं हसतात, म्हणतात, आजी, स्वयंपाक पेट्रोलवर करता की काय!" वहिनी हसल्या. मग हसू ओसरलं आणि त्यांनी चष्मा वर सारला. "कशी आहे भावजी गाडी? खरं सांगा. त्यांच्यासाठी विचारतेय."

नाडीवाल्यांनी पुस्तक मिटून वहिनींच्या हातात दिलं.

"दादाने मला खोटं पाडलं, वहिनी," नाडीवाले म्हणाले. आवाज फुटत होता, पण आता थांबायचं नव्हतं. "गाडी चांगली निघाली. फार चांगली निघाली."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "एवढंच हवं होतं हो त्यांना. बाकी काही नको होतं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि मी? मी बरोबर केलं ना? मला यातलं काही कळत नाही म्हणून विचारते."

तीस वर्षांत नाडीवाल्यांनी गाडीबद्दल एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं, त्याचीच तर ही फळं.

"अगदी बरोबर केलंत," ते म्हणाले.

फोटोग्राफरला फाटकाबाहेर नेऊन त्यांनी सांगितलं, "नको."

"अहो, पण आत्ता तर म्हणालात की फार चांगली..."

"चांगलीच होती. इंजिन गेलंय. का गेलं ते विचारू नका, आणि आत जाऊन एक शब्द बोलू नका. तुमच्यासाठी दुसरी शोधून देतो, तपासायचे पैसे नकोत." फोटोग्राफर बडबड्या खरा, पण माणूस समजूतदार निघाला. त्याने मान हलवली आणि निघून गेला.

नाडीवाले परत आत आले. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारायच्या आतच ते म्हणाले, "त्यांना लहान गाडी हवीय. ही त्यांच्या गल्लीत वळायची नाही."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या, आणि चोरी पकडली गेल्यासारखं हसल्या. "विकायला माझाही जीव होत नव्हता हो." मग पुस्तकाच्या मागच्या कप्प्यातून त्यांनी एक कागद काढला. घड्यांवर झिजलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. "हा तुमचाच ना? ते गॅरेजला जाताना नेहमी बरोबर न्यायचे."

तोच कागद होता. चौदा ओळी, त्यांच्याच टोकदार अक्षरातल्या. आणि प्रत्येक ओळीपुढे दादाचं गोल, ठसठशीत अक्षर. टायमिंग चेन: बदलली, खाली तारीख. पाण्याची टाकी: नवी. गिअरबॉक्सचं तेल: कंपनी नको म्हणते, तरी बदललं, धाकट्याचं ऐकलं. एकेक दोष, एकेक तारीख, वर्षांमागून वर्षं. ज्याला सगळ्यांसमोर 'तुला काय कळतं' म्हणून हिणवलं, त्या माणसाने तोच कागद हातात धरून गाडी सांभाळली होती. नाडीवाल्यांना रडू आवरेना. पायरीवर बसून ते लहान पोरासारखे रडले, आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"तेरा ओळी मला वाचता आल्या," थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या. "शेवटची घडीवर आल्याने झिजून गेलीय, आणि तिच्यापुढे त्यांनी अंथरुणातून पेन्सिलीने लिहिलंय. तेही पुसट आहे, मला लागतच नाही. बघा बरं, काय म्हटलंय?"

चौदावी ओळ तीच, प्रत्येक गिऱ्हाइकाला लिहून द्यायची, झिजली तरी त्यांना पाठ. उभ्या गाडीचं नुसतं इंजिन चालवू नका. तिच्यापुढे पेन्सिलीचं वाकडंतिकडं अक्षर होतं: 'कळतंय रे मला. पण बॅटरी उतरली आणि त्याच दिवशी तू आलास तर?'

नाडीवाल्यांनी ते दोनदा वाचलं. दादाला माहीत होतं. रोज खिडकीत पडून, कान देऊन, आपल्या गाडीचं इंजिन कणाकणाने झिजताना तो ऐकत होता.

"काय हो?" वहिनींनी विचारलं.

"लिहिलंय," त्यांनी कागदाची घडी घातली, "लिहिलंय, हेही झालं."

"वाटलंच मला. काही बाकी ठेवायचे नाहीत ते." वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फडकं घेतलं आणि बॉनेटवरचा त्यांच्या हाताचा ठसा पुसून टाकला. "महिनाअखेरपर्यंत आहे मी इथे. तोवर करते चालू रोजच्यासारखी."

"उद्यापासून मी येतो, वहिनी. आठला. मीच किल्ली मारीन."

वहिनींनी वळून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिडकीकडे बघून म्हणाल्या, "या. तुम्ही येईपर्यंत गार ठेवते."