अंगठ्याखालचा खळगा

मावशींनी तिसऱ्यांदा तळहात रुमालाला पुसले आणि दार ढकललं. आत परीक्षक एकटेच बसले होते. टेबलावर गुणांचा कागद, गजराचं छोटं घड्याळ आणि प्रश्नाची पालथी घातलेली चिठ्ठी.

इंग्रजीच्या या तोंडी परीक्षेत त्या याआधी दोनदा नापास झाल्या होत्या. ही शेवटची खेप. रुग्णाला इंग्रजीत चार वाक्यं सांगता आली नाहीत, की वॉर्ड सुटला. मग निवृत्तीपर्यंत इस्पितळाच्या तळघरात चादरी धुवायच्या. बावीस वर्षं माणसांच्या उशा सारख्या करून हे नशिबी यावं, या विचाराने त्यांना सकाळपासून घास उतरला नव्हता.

मघाशी बाहेरच्या बाकावर धाकट्या नर्सने शेवटची उजळणी घेतली होती.

"शुड म्हणजे सल्ला, मावशी. ऐकला तर ऐकला. मस्ट म्हणजे करायलाच पाहिजे."

"म्हणजे मी सुनेला सांगते ते शुड."

"आणि ती तुम्हाला सांगते ते मस्ट!"

तेव्हा दोघी हसल्या होत्या. आता समोर परीक्षक होते.

"मी रुग्ण आहे," परीक्षक म्हणाले. "माझा गुडघा दुखतोय. मला सल्ला द्या. पाच मिनिटं." एवढं बोलतानाही मध्येच त्यांनी श्वास घेतला.

मावशींनी मनात देवाचं नाव घेतलं. "यू शुड... रेस्ट. यू शुड नॉट..." जिन्याला काय म्हणतात? शब्द ऐन वेळी पळाला. घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि टेबलाखाली नजर गेली. बुटांच्या नाड्या सैल सोडलेल्या. मोज्याची कड मांसात रुतलेली.

पुढचं हातांनीच केलं. त्या खाली बसल्या, मोजा सरकवला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला.

"अहो, हे काय करताय?"

मावशी भानावर आल्या. परीक्षकांच्या पायाला हात! संपलं सगळं. पण अंगठा उचलला, तरी त्याखालचा खळगा तसाच राहिला. भरेना. पायात पाणी साठलं होतं.

"यू मस्ट सी हार्ट डॉक्टर," त्या म्हणाल्या. "टुडे. नॉट शुड. मस्ट."

"गुडघ्याबद्दल बोला, मावशी."

"गुडघा राहू द्या हो साहेब! आडवं झाल्यावर दम लागतो ना? झोपताना उशा किती लागतात?"

ते हळूच म्हणाले, "तीन. महिन्यापूर्वी एक पुरायची."

गजर वाजला. मावशी उठल्या आणि मागे न बघता बाहेर आल्या.

"कसं झालं?" नर्सने विचारलं.

"तळघरात ओल फार असते का गं?"

नर्स काही बोलणार, तोच दार उघडलं. चौकटीला धरून परीक्षक उभे होते. चेहरा घामेजलेला.

"मावशी, हृदयाचे डॉक्टर कितव्या मजल्यावर बसतात?"

"तिसऱ्या." ते जिन्याकडे वळलेले पाहून मावशी आडव्याच आल्या. "नो स्टेअर्स, साहेब! बसा इथे."

नर्सने त्यांना बाकावर बसवलं. मावशी चाकांची खुर्ची आणायला निघाल्या. जाताना उघड्या दारातून टेबलावरचा कागद दिसला. त्यांच्या नावापुढचा रकाना कोरा होता. त्या थांबल्या नाहीत.