काकूंचा टायमर

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये सगळे तिला 'नवी' म्हणत. येऊन चांगलं वर्ष उलटलं होतं, तरी नवीच. कारण तिला मिळालेलं खिडकीजवळचं टेबल अजून तिच्याआधी तिथे काम करणाऱ्या काकूंचंच होतं. काकू वारल्या होत्या, टेबल मात्र त्यांच्या नावावरून उतरलं नव्हतं.

"इथे सगळे दात करतात, काढत कुणी नाही," पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरचा मुनी म्हणाला होता. कवळ्यांना पॉलिश करणारा हा माणूस इतका बोलका होता, की मालकांनीच कंटाळून त्याचं नाव मुनी ठेवलं होतं. पण टायमर लावला की तोही गप्प होई.

टायमर ही मालकांच्या जावयाची देणगी. जावईबापू कुठलंसं वेळेच्या नियोजनाचं शिबिर करून आले आणि प्रत्येकाच्या टेबलावर किल्लीचा एकेक टायमर ठेवून गेले. कुणाचा बेडूक, कुणाचा भोपळा. नियम सोपा होता. आपला टायमर वाजेपर्यंत डोकं वर काढायचं नाही, फोन खणात ठेवायचा. आणि दुसऱ्याच्या टायमरला हात लावायचा नाही, त्याच्या वेळेशी आपला संबंध नाही. काम खरंच सपाट्यानं व्हायला लागलं. हळूहळू प्रत्येकाचे कान असे तयार झाले, की आपल्या घंटेला दचकायचे आणि दुसऱ्याची घंटा त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाही.

काकूंचा टायमर पांढऱ्या कोंबडीचा होता. तो एका दुपारी वाजला, वाजत राहिला, शेवटी खोकल्यासारखा अडखळून थांबला. ज्याचा आहे तो बघेल, असं म्हणून कुणी वर पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं मुनी मेण मागायला गेला, तेव्हा काकू जबड्याच्या साच्यावर वाकल्यासारख्या बसलेल्या होत्या. समोरच्या रबरी वाटीतलं प्लास्टर दगड झालं होतं आणि कालवायची सुरी त्यात ताठ उभी होती.

हे मुनीनं एकदाच सांगितलं, आणि पुढे नवीच्या टेबलाकडे बघताना तो नेहमी थोडा बाजूला बघे. कोंबडी फळीवर गेली, कुणी न नेलेल्या जुन्या जबड्यांच्या रांगेत. तिची स्प्रिंग तुटली होती. नवीला नवा टायमर मिळाला.

नवीला तो नियम नको होता असं नाही, उलट तोच तिला तारत होता. नवरा परगावी नोकरीला, पोरगी पाळणाघरात. पाळणाघराच्या ताईंनी नुकतंच बजावलं होतं, "बघा हं, आणखी एकदा उशीर झाला तर मी जागा दुसऱ्या बाळाला देणार. मलाही घर आहे." जागा गेली की नोकरी गेली. म्हणून नवी एकेक मिनिट वाचवायची. प्लास्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ टाकायची, चहाला उठायची नाही. पोरीच्या आठवणीसुद्धा टायमर वाजेपर्यंत तुंबवून ठेवायची.

अधूनमधून दुपारी तिला फळीकडून एक घंटा ऐकू यायची. बारीक, दाराआडून आल्यासारखी. असेल कुणाची, म्हणायची ती. ज्याचा आहे तो बघेल. मग तेच वाक्य पूर्वी कुणी कुणी म्हटलं होतं ते आठवून तिच्या मानेवर काटा यायचा.

त्या दिवशी संपूर्ण कवळीचं तातडीचं काम होतं. तिनं टायमर लावला, प्लास्टर कालवायला घेतलं, आणि फळीवरची घंटा वाजली. या वेळी दाराआडून नाही, कानाशी. तिनं मुनीकडे पाहिलं. त्याची मान खाली. पलीकडच्या दोघींच्याही. घंटा थांबेना. थांबली ती अडखळत, खोकल्यासारखी.

नवी उठली. हात तसाच पांढरा. फळीजवळ गेली, कोंबडीला हात लावायचा धीर झाला नाही. जबडे आ वासून बघत होते. आणि त्या शांततेत तिला दुसरा आवाज ऐकू आला. तिच्याच खणात तिचा फोन थरथरत होता.

ताई केव्हापासून फोन लावत होत्या. "अहो, आहात कुठे? पोरीचं अंग भाजतंय नुसतं. डोळे उघडत नाहीये. या लवकर."

ती पर्स घेऊन दाराशी पोचली तोच फेरी मारायला आलेले जावईबापू आडवे आले. "काय गं, वेळ झाली तुझी?"

"टायमर वाजला."

"तुझा तर चालू आहे तिथे. कुणाचा वाजला?"

"काकूंचा," ती म्हणाली.

मुनीच्या हातातलं यंत्र बंद झालं. जावईबापू काहीतरी म्हणणार होते, पण त्यांची नजर फळीकडे गेली आणि ते दारातून बाजूला झाले.

डॉक्टरांनी पोरीला ठेवून घेतलं. ताप उतरेपर्यंत नवी तिच्या उशाशी बसून राहिली, हातावरचं प्लास्टर वाळून तडकेपर्यंत. ताईही हलल्या नाहीत. जागेचा विषय त्यांनी काढला नाही, एवढंच म्हणाल्या, "फोन जवळ ठेवत जा बाई."

पोरगी हसायला लागल्यावर नवी कामावर गेली. टेबल कुणी आवरलं नव्हतं. वाटीतलं प्लास्टर दगड झालेलं, सुरी त्यात ताठ उभी. वाटी पिळून तिनं तो गोळा बाहेर काढला, फोन टेबलावर समोर ठेवला आणि खुर्ची ओढली.

दुपारी मुनीचा बेडूक वाजला. वाजतच राहिला. एरवी तिला तो ऐकूसुद्धा आला नसता. आता तिचे कान मिटत नव्हते. ती उठून गेली आणि बेडकावर हात ठेवला.

"मुनी?"

मुनीनं मान वर केली. डुलकी लागली होती त्याला. "अगं, दुसऱ्याच्या टायमरला…" म्हणाला आणि अर्ध्यावरच थांबला. "बरं झालं," म्हणाला.

परतताना ती फळीपाशी थांबली. कोंबडीचा काटा शून्यावर नव्हता. कुणीतरी किल्ली देऊन वाट बघत असावं, तसा थोडा पुढे उभा होता. काटा शून्यावर आणायला तिनं बोट उचललं आणि मागे घेतलं. दुसऱ्याच्या टायमरला हात लावायचा नाही, हा नियम तिनं तेवढ्यापुरता पाळला.