सातवीची बसकरपट्टी

सातवीच्या मुलींची बसकरपट्टी वाढत होती, आणि ती प्रणिता तांडेलच्या डब्यामुळे वाढते असं वर्गात सगळ्यांचं ठरून गेलं होतं. शलाका पाटणेला ते पटलं नव्हतं. डब्यामुळे वाढते की नाही हे तपासता येण्यासारखं होतं, म्हणून तिनं ते तपासलं. खेळाच्या तासाला वर्ग रिकामा झाल्यावर तिनं प्रणिताचा डबा मागून घेतला, झाकण काढून पट्टीच्या मधोमध ठेवला आणि पट्टीच्या दोन्ही टोकांशी फरशीवर खडूनं रेघा मारल्या. तास संपल्यावर येऊन पाहिलं तर टोकं रेघांना तशीच चिकटून होती. डब्यातल्या सुकटीच्या चटणीवर एक माशी बसली होती, एवढाच काय तो फरक.

या शाळेत बाकं आठवीपासून पुढं होती. सातवीपर्यंत सगळे तागाच्या लांब पट्ट्यांवर बसत. मुलांच्या दोन, मुलींची एक. सकाळी मुलींची पट्टी अंथरायची आणि संध्याकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची हे काम शलाकाचं. म्हणून तिची जागा मागच्या टोकाला होती. जूनपासून तिच्या मागं कुणीच नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रणिता आली आणि तिच्या मागं बसली.

प्रणिता समुद्राकडची. तिच्या आईनं इथल्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकायला जागा धरली होती. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत प्रणितानं डबा उघडला. फळ्याजवळ बसणाऱ्या गिरिजा देशमानेनं नाकाला ओढणी लावली आणि म्हणाली, "सरका गं, भरती आली."

सगळ्या हसल्या. प्रणितासुद्धा हसली, कारण नव्या मुलीला हसावं लागतं. आणि सगळ्या जणी एकेक बोट पुढं सरकल्या. शलाकाही सरकली. वास तिला आवडला होता असं नाही, पण नावडलाही नव्हता. तो फक्त नवा होता. पण पुढची सरकल्यावर मधे फट दिसते आणि ती भरून काढावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रणितानं बटाट्याची भाजी आणली. तरी गिरिजा म्हणाली, भरती आली. त्यानंतर डबा उघडण्याचीही गरज राहिली नाही. प्रणिता दारात दिसली की कुणीतरी ते म्हणायचं आणि सगळ्या सरकायच्या. रोज एवढ्या जणी पुढं सरकूनही गिरिजाचे गुडघे फळ्याखालच्या भिंतीला का लागत नाहीत, हा प्रश्न पहिल्यांदा शलाकाला पडला. मग तिनं मागं वळून पाहिलं. प्रणिता पट्टीच्या टोकावरच बसली होती, पण टोक लांब गेलं होतं.

शलाकानं हिशेब मांडून पाहिला. मुलींनी रोज सरकलेली सगळी बोटं शेजारी शेजारी लावली, तरी त्यात जेमतेम एक माणूस आडवा झोपला असता. तिच्या आणि प्रणिताच्या मधे मात्र बैलगाडी वळवता आली असती. बाकीची लांबी कुठून आली?

ती एकेकीला विचारत सुटली. उत्तर एकच मिळायचं: मी फक्त बोटभर सरकले, ती पुढची सरकली म्हणून. गिरिजानं तर सांगितलं की ती सरकतच नाही, ती नुसतं म्हणते. सरकतात त्या बाकीच्या.

मग शलाकानं वर्गशिक्षक कोरे सरांना विचारलं. सर म्हणाले, मी खुर्चीवर बसतो, माझा पट्टीशी काय संबंध. मग म्हणाले, पोरी पुढं रेटायला लागल्या म्हणून खुर्ची जराशी फळ्याकडे ओढून घेतली असेल. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणत असे, त्यांनी चहा पिता पिता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मुलं आहेत, आपोआप जवळ येतील. घरी आईला विचारलं तर आई म्हणाली, तू मधे पडू नकोस, तुझी जागा बदलतील आणि मग तुला फळा दिसायचा नाही.

त्या आठवड्यात पट्टी एवढी वाढली की मागची भिंत मागं गेली. शलाकानं शाळेला बाहेरून फेरी मारली. बाहेरून इमारत होती तेवढीच होती आणि भिंतीवरचं पाण्याच्या थेंबाचं चित्रही जागच्या जागी होतं. आत येऊन पाहिलं तर खिडक्या एकामागून एक गेलेल्या, एकसारख्या, प्रत्येक खिडकीत तेच कडुलिंबाचं झाड.

तिला शंका आली की आपल्या विचारण्यामुळेच पट्टी वाढते. म्हणून एक अख्खा दिवस तिनं कुणालाच काही विचारलं नाही. मागंही वळून पाहिलं नाही. त्या दिवशी पट्टी सगळ्यांत जास्त वाढली.

आता ती संध्याकाळी गुंडाळता येत नव्हती. प्रणिता दप्तर घेऊन निघायची, पण दारापर्यंत पोचायच्या आत दुसऱ्या दिवसाची प्रार्थना सुरू व्हायची आणि तिला होती तिथंच उभं राहावं लागायचं. प्रार्थना झाली की सगळ्यांबरोबर खाली बसायचं, आणि बसलं की ते पट्टीचं टोकच असायचं.

हजेरीचा घोटाळा इथून सुरू झाला. प्रणिता वर्षाच्या मधेच आल्यामुळे तिचं नाव शेवटी होतं. सर नाव घ्यायचे तेव्हा शलाकाला लांबवर एक हात वर झालेला दिसायचा, आणि "हजर" मात्र नंतर ऐकू यायचं. आधी वीज दिसते आणि मग गडगडाट येतो हे विज्ञानात झालेलं होतं, त्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नाही. उलट तिला आनंदच झाला, कारण हात आणि आवाज यांच्यामधला वेळ मोजून लांबी काढता येत होती. ती मोजायला लागली. मग हात दिसेनासा झाला. मग "हजर" गणिताच्या तासाला येऊ लागलं, पुढं मधल्या सुट्टीत. एकदा इतिहासाचा धडा वाचताना ते आलं, कालचं. आवाज स्पष्ट होता, थोडा बसलेला.

शलाकानं सरांना सांगितलं की प्रणिता वर्गातच आहे.

"मग 'हजर' म्हणायला काय होतं तिला?" सर म्हणाले.

"म्हणते, सर. पोचायला वेळ लागतो."

सर म्हणाले, हजेरी कानानं घ्यायची असते. मान खाली घालून नावं वाचायची आणि आवाज आला की खूण करायची. प्रत्येक वेळी वर बघत बसलं तर शिकवायचं कधी? आणि एवढे दिवस लागोपाठ गैरहजर म्हटल्यावर नाव कमी करावं लागतं. मोठ्या बाईंचं तसं म्हणणं आलेलंच आहे. शनिवारी हजेरी झाली की कमी करू.

नाव कमी झालं की वर्गात असणाऱ्या मुलीचं काय होतं, हे शलाकानं विचारलं. असा प्रसंग आला नव्हता, सर म्हणाले.

शुक्रवारी शाळा सुटताना फाटकाशी प्रणिताची आई उभी होती. डोक्यावर रिकामी पाटी, हातात डबा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीला ती विचारत होती आणि मुली जराशा बाजूनं जात होत्या. शलाका थांबली.

"बाय, तू पनूच्या वर्गातली ना?"

"हो."

"ती घरी येत नाय. मास्तर सांगतात, शाळेत पण येत नाय. मग पोर हाय कुठं?" तिनं शलाकाकडे नीट पाहिलं. "तू कुठं बसतेस?"

"तिच्या शेजारी," शलाका म्हणाली. ते खरं होतं. दोघींच्या मधे दुसरं कुणी नव्हतं.

"मग हा दे तिला. उपाशी असेल." आईनं डबा पुढं केला. तो गरम होता.

शलाकाला वाटेत एक साधी गोष्ट सुचली. प्रणितापर्यंत एवढं चालत कशाला जायचं? पट्टी जमिनीला चिकटलेली नाही. सगळ्या जणी उठून पट्टीवरून उतरल्या, पुढचं टोक धरून ओढलं, तर मागचं टोक प्रणितासकट इकडं येईल. माणसं वर बसलेली असताना पट्टी ओढता येत नाही, एवढीच अडचण होती.

शनिवारी सकाळच्या शाळेला तिनं सगळ्यांना हे समजावून सांगितलं. कुणी नाही म्हणालं नाही. शलाकाच्या लगेच पुढं बसणारी म्हणाली, पुढच्या उठल्या की मी उठते. पुढच्या म्हणाल्या, गिरिजा उठली की. गिरिजा म्हणाली, सगळ्या उठल्या तर मी कशाला बसून राहू, पण पहिली मीच का? मी तर सरकतच नाही. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळ्या एकदम उठल्या. शलाकानं वाकून पट्टीची कड धरली आणि जोर लावला. ताग करकरला, पण पट्टी हलली नाही. सगळ्या उभ्या होत्या, पण पट्टीवरच उभ्या होत्या.

"पाटणे, सावधान," सर म्हणाले.

राष्ट्रगीत संपलं. सगळ्या खाली बसल्या. शलाका बसली नाही. तिनं डबा घेतला आणि मागं वळून चालायला लागली.

"कुठं निघालीस?"

"शेजारी, सर."

सरांनी हजेरी उघडली. पहिलं नाव घेतल्याचं शलाकानं ऐकलं. पट्टीवर चालताना पाय हलका पडत होता, गवतावर पडावा तसा. डाव्या हाताला खिडक्या होत्या, प्रत्येकीत कडुलिंब. काही अंतरानंतर खिडक्यांत झाड राहिलं नाही, मग खिडक्या राहिल्या नाहीत. शहाबादी फरशी अजून होती. पुढं फरश्यांमधल्या सांधी दिसेनाशा झाल्या आणि खालचा रंग नुसता राखाडी झाला. ही जमीन आहे की नाही हे तिला कळेना, म्हणून तिनं खिशातला खडू काढून पट्टीच्या बाजूला टाकला आणि कान देऊन उभी राहिली. खडू पडल्याचा आवाज आला नाही. ती आणखी थांबली. कदाचित पोचायला वेळ लागत असेल. मग चालू लागली, आता पट्टीच्या मधोमध.

वाटेत तिला एक "हजर" भेटलं. समोरून आलं, कानाजवळून गेलं आणि वर्गाच्या दिशेनं निघून गेलं. थोड्या वेळानं दुसरं आलं. ते पहिल्यापेक्षा ताजं होतं. तिसऱ्याच्या वेळी शलाकानं हात पुढं केला. तळव्याला किंचित ऊब लागली आणि गेली. तिला बरं वाटलं. आपण बरोबर दिशेनं चाललो आहोत याचा हा पुरावा होता.

मागं वळून पाहिलं तेव्हा वर्ग टपाल तिकिटाएवढा दिसत होता. त्यात फळ्याचा काळा ठिपका आणि त्याखाली मुलींची एक बारीक रांग. तिच्या उठलेल्या जागेची फट रांगेच्या शेवटी असायला हवी होती. ती शोधत असतानाच रांग हलली. सगळ्या एकदम, अगदी थोडी, फळ्याकडे. काय म्हटलं गेलं ते इथपर्यंत यायला अजून अवकाश होता.

प्रणिता तिला आधी पाठमोरी वाटली, मग कळलं की ती मान खाली घालून बसली आहे. दप्तर मांडीवर, बोटं दप्तराच्या पट्ट्यात. तिच्या पलीकडे पट्टी संपत होती. टोकाचे तागाचे दोरे सुटले होते आणि त्यांच्यापलीकडे काहीही नव्हतं, राखाडी रंगसुद्धा नाही.

"तुझ्या आईनं डबा दिलाय," शलाका म्हणाली.

प्रणितानं मान वर केली. तिला ओळखायला थोडा वेळ लागला.

"शनिवार आहे का?"

"हो. ऊठ, हजेरी चालू आहे. पळत गेलो तर तुझं नाव यायच्या आत पोचू."

"मी पळून बघितलंय," प्रणिता म्हणाली.

तेवढ्यात मागून, खूप लांबून, सरांचा आवाज आला. तो शलाकाचं नाव घेत होता. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि वर्गाकडे तोंड करून ओरडली, "हजर." शब्द पट्टीवरून निघाला. ती मनात आकडे म्हणू लागली, कुठवर पोचला असेल ते कळावं म्हणून. मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की सर मान खाली घालूनच बसलेले असतील.

"बस ना," प्रणिता म्हणाली. "उभी का?"

डब्याचं झाकण सैल झालं होतं आणि सुकटीचा वास येत होता. शलाकानं पाहिलं. दोघींना बसायला टोकावर जागा पुरत नव्हती. अलीकडे वर्गापर्यंत सगळी पट्टी रिकामी पडली होती, पण प्रणिताचं तिकडे लक्ष नव्हतं. पाहुणं आल्यावर करतात तसं तिनं दप्तर उचलून छातीशी धरलं, फ्रॉक आवरून घेतला आणि शलाकाला जागा करून देण्यासाठी एक बोट मागं सरकली.