भुकेला देवी म्हणणारे

नवरात्रातली दुपार होती. चाकणजवळच्या गावठाणात सोपानरावांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. घरच्या म्हाताऱ्या सासूला पाण्याचा तांब्या द्यायला ज्यांना वेळ नसतो, त्या बायका देवीला भेटायला मात्र वेळेवर येतात. देवी म्हणजे सोपानरावांची बायको जाईबाई. नवरात्रात तिच्या अंगात येतं, अशी गल्लीची खात्री होती.

जाईबाईला शुगर होती. गोळी चुकवू नका आणि उपाशी राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळी ती नेमानं घ्यायची. नवरात्रात जेवू मात्र तिला कुणी देत नव्हतं. "नुसत्या पान्यावर ऱ्हायलं तवाच वारं येतं," असं शेजारच्या सुमनताईंनी ठरवून टाकलं होतं. सुमनताई स्वतः उपवासाला खिचडी, वेफर्स आणि वर रताळ्याच्या गोड फोडी खायच्या.

रिकाम्या पोटी ती गोळी रक्तातली साखर आणखी खाली आणते. पण शरीर मुकाट्यानं मरत नाही. आधी पोटात कालवतं. घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात. तरीही खायला मिळालं नाही तर नजर फिरते, जीभ जड होते, माणूस भलतंच बोलू लागतो. शरीर अन्न मागत असतं. आमच्याकडे त्याच्यापुढे नारळ फोडतात.

आरती सुरू झाली आणि जाईबाई घामानं भिजली. मान डोलायला लागली.

"आली! आई आली गं!" सुमनताई ओरडल्या.

बायका पुढे सरकल्या. "आई, माझ्या पोराला कंपनीत पर्मनंट करतील का?"

"आमचा भाडेकरू खोली सोडंना, त्याचं बघ की जरा."

जाईबाईनं थरथरता हात उचलला आणि बोटं तोंडाशी नेली. लहान पोर घास मागताना नेतं तशी.

"गप बसा म्हनती आई," सुमनताईंनी अर्थ सांगितला. बायका गप बसल्या. कुणाच्या पोटात काय आहे हे एकमेकींच्या घरात डोकावून सांगणाऱ्या या बायका. त्यांना एवढी खूण कळली नाही.

कळली ती सुनेला. आळंदीकडची इंद्रायणी, नुकतीच लग्न होऊन आलेली. ती पेल्यात साखरेचं पाणी घेऊन धावत आली.

"आत्याबाई, हे प्या आधी."

सुमनताईंनी तिचं मनगट धरलं. "येडी का खुळी तू? देवीचा उपास मोडतीस व्हय?"

"अहो काकू, शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांना!"

"देवीला कसली गं शुगर?" मागून कुणीतरी बोललं आणि दोघीतिघी हसल्या.

झटापटीत पेला सांडला. पातळं भिजू नयेत म्हणून बायका मागे सरकल्या. जाईबाई आडवी झाली, तेव्हा मात्र तिचे पाय धरायला झुंबड उडाली.

सोपानराव शिफ्ट संपवून आले ते त्या गर्दीतच. बायको उचलून त्यांनी रिक्षात घातली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "साखर फार खाली गेली होती. वेळेवर थोडं गोड पोटात गेलं असतं तर..." जाईबाई शुद्धीवर आलीच नाही.

गल्ली म्हणाली, अहेव गेली, भाग्याची. देवीनं नवरात्रात नेली. सकाळी सवयीनं दोघांचा चहा टाकणाऱ्या सोपानरावांना हे भाग्य तोंडावर ऐकवायला लोक यायचे, आणि तिच्या वाटणीचा कप पिऊन जायचे.

पुढचं नवरात्र आलं. वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून घट बसवू नये अशी रीत. पण वारं सुनेकडे यायचंय, ते अडवता येत नाही, असं सुमनताईंनी भगताकडून वदवून आणलं, आणि घट बसले. इंद्रायणी नाही म्हणाली. तेव्हा नवरा ज्ञानदेव तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "एवढा एक दिवस कर. लोकं नावं ठेवत्यात." आई ज्या लोकांच्या हातात मेली, त्यांच्याच नावं ठेवण्याची त्याला भीती.

दुपारपर्यंत ती उपाशी राहिली. आरतीचं ताट उचलताना तिचे हात थरथरले. कपाळावर घाम आला.

"आली!" सुमनताईंनी आरोळी ठोकली. "सासूवानीच आली गं! वटी आना!"

इंद्रायणीनं ताट खाली ठेवलं. "काकू, कोणी आलं नाही. मला भूक लागलीय."

"असं बोलू नये, देवी बोलतीय तुझ्या तोंडून."

"मग देवीच म्हणतीय, भूक लागलीय."

सोपानराव दारात उभे होते. ते स्वयंपाकघरात गेले आणि ताटात भाकरी नि पिठलं घेऊन आले. घटासमोर, सगळ्यांच्या मधोमध त्यांनी ते सुनेपुढे ठेवलं.

"सोपानराव! कोप हुईल घरावर!"

"सुमनताई, माझी बायकू उपाशी मेली. तुमी तिचं पाय धरून बसला हुता." ते खाली बसले. "खा, पोरी."

ज्ञानदेव भिंतीकडे बघत राहिला. इंद्रायणीनं घास मोडला. पहिले दोन तिनं घाईघाईनं गिळले, मग सावकाश खायला लागली. हळूहळू हात स्थिर झाले. सगळ्या बायका ते बघत होत्या, आणि बघितलेलं मान्य करायची एकीचीही तयारी नव्हती.

"आता आमी वटी कुनाची भरायची?" खण-नारळ हातात धरून सुमनताईंनी विचारलं.

इंद्रायणीच्या तोंडात घास होता. सोपानराव तिच्यासाठी दुसरी भाकरी आणायला उठले.