कुणाचाच भाग नसलेली क्लिप

मित्रांनो, बेळगावच्या वडगावात राजाबाईंच्या घरी एक यंत्रमाग आहे. त्याच्या लोखंडी पायाशी, मोटरच्या वायरला कवटाळून बसलेली लहानशी पट्टी दिसली, तर ती मी. मला क्लिप म्हणतात. पोलादाची पट्टी वळवून गोल केलेली, आत रबराचं अस्तर, टोकाला एक स्क्रू. स्क्रू आवळला की मीही आवळते आणि मग सहजासहजी सोडत नाही. आता वय झालं आहे. कडेला गंज चढलाय, रबराचा काळेपणा उडालाय. हट्टीपणा मात्र तसाच आहे, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या मोठ्या गुंडाळीत मी निवांत पडून होते. एके दिवशी यंत्राने मला कापलं, भोकं पाडली, वाकवलं आणि पोटात रबर बसवलं. विचारून कुणी केलं नाही. पुढे नमुना म्हणून एका पाकिटात भरून मला पाठवलं आणि ते पाकीट निपाणीच्या एका दुकानात उघडलं.

दुकान पंप आणि पाइपचं. ते चालवत होती त्रिशला. तिचे वडील नेमगोंडा शेती बघायचे आणि अधूनमधून गल्ल्यावर येऊन बसायचे. तिने मला का मागवलं, ते आधी सांगायला हवं.

आमच्या भागात बोअरमध्ये मोटर सोडताना तिची वायर पाइपला बांधतात. बांधायला काय, तर सायकलची जुनी ट्यूब. तिच्या पट्ट्या कापायच्या, ओढून गाठ मारायची, झालं काम. फुकटात होतं म्हणून सगळेच तसं करतात. पण पाण्यात राहून ट्यूब कुजते, गाठ सुटते, वायर खाली सरकते आणि बोअरच्या कडेला घासून सोलली जाते. नेमगोंडांच्या बोअरवर हेच झालं. सकाळी पाणी बघायला म्हणून त्यांनी पाइपाला हात लावला आणि झटका बसून ते बांधावर फेकले गेले. जीव वाचला. पण त्या दिवसापासून ते मोटरच्या पेटीजवळ जाईनात. स्वतःच्या शेतात दहा हात लांब उभं राहून 'जरा बटन दाब की रं' म्हणून दुसऱ्याची विनवणी करायचे. भल्या दांडग्या माणसाचं ते उभं राहणं त्रिशलाला बघवत नव्हतं.

"आप्पा, हिथनं पुढं आपल्या दुकानात ट्यूबची पट्टी ठेवायची न्हाय," ती म्हणाली.

"मग काय ठेवायचं? दोरी?"

"शोधते की."

तिने शोधलं आणि मी सापडले. घरच्याच बोअरवर मला लावून तिने मोटर खाली सोडली. आत अंधार, गारठा आणि पाइपाची सारखी थरथर. मी धरून राहिले. पुढच्या उन्हाळ्यात मोटर वर काढली तेव्हा वायर जिथल्या तिथे होती. नेमगोंडांनी लांबूनच मान वाकवून मला पाहिलं.

"लई घट्ट हाय की गं ही," ते म्हणाले. पंपाच्या दुनियेत माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मग त्रिशलाने माझ्यासारख्या क्लिपांची खोकीच्या खोकी मागवली. गावोगावच्या शेतकऱ्यांना तिने भावही सांगून ठेवला. नमुना म्हणून माझी बोअरमधली परीक्षा संपली होती. ती मला घेऊन वडगावला आली. बेळगावात डिप्लोमा करताना ती राजाबाईंच्या घरी भाड्याने राहत असे, त्यांना मावशी म्हणत असे. राजाबाईंच्या मागाच्या मोटरची वायर लोंबून फिरत्या पट्ट्याकडे ओढली जात होती. त्रिशलाने मला तिथे आवळून टाकलं, फोटो काढला आणि दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर लावला. खाली लिहिलं, 'पंपाला चालते, मागालाही चालते.'

मागावर कौतुक वगैरे काही नसतं. धडाधड आवाज, तेल आणि उडणारा सुताचा भुसा. महिन्याभरात मी त्या भुशाने अशी झाकून गेले की राजाबाईंनाही माझी आठवण राहिली नसावी. वाईट वाटलं. मी मनात म्हणायचे, आपण मूळच्या पंपाच्या, इथे नुसत्या पाहुण्या आलो आहोत.

आता तुम्हाला एका जाड पुस्तकाबद्दल सांगते. परदेशातून माल बंदरावर उतरला की कस्टमचे लोक त्यावर कर घेतात. कर किती, ते वस्तू काय आहे यावर ठरतं. त्यासाठी सुईपासून जहाजापर्यंत साऱ्या वस्तूंना त्या पुस्तकात आपापला रकाना आणि आकडा दिलेला असतो. आमच्या खोक्यांसमोर दोन रकाने उभे राहिले. पंपाचा भाग म्हटलं तर कर कमी. लोखंडाची वस्तू म्हटलं तर जास्त. बेळगावचा एजंट ओमकार त्रिशलाची कस्टमची कामं बघायचा. त्याने कागदावर 'पंपाचा भाग' लिहिलं होतं. त्रिशलालाही तेच खरं वाटत होतं, कारण पंपासाठीच तर तिने आम्हाला आणलं होतं. त्याच कराच्या हिशेबाने तिने शेतकऱ्यांना भाव दिला होता.

बंदरावर खोकी अडली. कस्टमच्या साहेबांनी विचारलं होतं, ही पंपाचाच भाग कशावरून? सुनावणीला या आणि सांगा. सुनावणी हल्ली व्हिडिओवर होते, त्यामुळे बंदरापर्यंत जायची गरज नव्हती. आदल्या दिवशी त्रिशला ओमकारच्या कचेरीत गेली आणि तिथून तडक वडगावला आली. हातात स्क्रू ड्रायव्हर होता. राजाबाईंनी माग थांबवला.

"काय गं, काय काढाय लागलीस?"

"क्लिप काढते मावशी. ओमकार म्हणतोय, ती फक्त पंपाला लागते असं साहेबांना सांगायचं. मागावर दिसली तर पंचाईत. फोटो पण काढून टाक म्हणालाय."

"म्हंजे आमच्याकडं ती हाय, हे आम्ही लपवायचं व्हय?"

त्रिशलाने वायरवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशीपासनं वायर हालल्याली न्हाय," राजाबाई म्हणाल्या. "तू न्हे बाई, तुझीच हाय. पण ती हिथं काय कराय लागलीया, हे तुला मला ठावं हाय की."

खरं सांगू का, मित्रांनो? त्या क्षणी माझं मन ओमकारच्या बाजूने होतं. 'पंपाचा भाग' किती भारदस्त वाटतं. भाग म्हणजे घराण्यातलं कुणीतरी. आणि नुसती क्लिप म्हणजे? ना घर, ना दार. त्रिशलाने मला काढून ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलं तेव्हा मी सुखावलेच होते. राजाबाईंची वायर पुन्हा लोंबायला लागली, तिकडे मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओमकारच्या कचेरीत संगणकासमोर त्रिशला बसली. शेजारी ओमकार. पडद्यावर साहेब. सोलापूरकडचे असावेत, मराठी बोलत होते. त्यांच्या टेबलावर आमच्या खोक्यातली एक नवी क्लिप होती. ते तिची सारखी उघडझाप करून पाहत होते.

"यात रबरही आहे," ते म्हणाले. "मग हिला रबराची वस्तू का म्हणू नये?"

"धरते ती पट्टी, साहेब. रबर वायरीला जपतं," त्रिशला म्हणाली. "पट्टी काढली तर नुसतं रबर गळून पडतंय."

हे मला फार आवडलं. इतक्या दिवसांत माझं काम कुणी इतक्या सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं.

"बरं. मग महत्त्वाचं विचारतो. ही पंपाशिवाय दुसरीकडे कुठे लागते का?"

ओमकारने टेबलाखालून तिच्या खुर्चीला हळूच पाय लावला. एक शब्द पुरला असता. 'नाही' म्हटलं की खोकी सुटण्याची आशा होती, शेतकऱ्यांना दिलेला भाव राहिला असता. त्रिशलाने मूठ आवळली. मी त्या मुठीत होते. तिचा तळहात घामाने भिजला होता आणि ती मला इतकी घट्ट धरत होती की आमच्यातली क्लिप कोण, असा प्रश्न पडावा.

तिने मूठ उघडली आणि मला कॅमेऱ्यासमोर धरलं.

"लागते साहेब. ही बघा. ही आधी आमच्या बोअरमधी होती. कालपर्यंत वडगावात एका मागाला होती. तिच्यावर सुताचा भुसा आहे अजून."

ओमकारने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी हातातली क्लिप टेबलावर ठेवली. "मॅडम, हे तुमच्याच विरुद्ध जातं. कळतंय ना?"

"कळतंय. पण माल सुटला की मी हीच क्लिप मागवाल्यांना विकणार. आज तुम्हाला न्हाय म्हणून सांगितलं, तर उद्या त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं ठेवू? मी पंपासाठी मागवली म्हणून पंपाची वाटली. पण ती कशालाही धरते, साहेब. तिचं कामच ते आहे."

माझा संताप झाला. माझं घराणं तिने भर सुनावणीत काढून घेतलं होतं. पण मित्रांनो, तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ती कशालाही धरते. बोअरमध्ये मी वायर धरली होती. मागावरही वायरच धरली होती. मग मी पाहुणी कुठे होते? दोन्हीकडे माझं काम एकच होतं आणि दोन्हीकडे ते मी चोख केलं होतं. उगीच दुसऱ्याच्या नावाने मोठं व्हायला निघाले होते.

साहेबांनी आपला निर्णय लिहिला. पंपाचा भाग नव्हे, लोखंडाची वस्तू, वायर धरण्याची क्लिप. जास्तीचा कर भरावा. कागदावरचं नाव चुकलं होतं, तरी काही लपवलं नव्हतं आणि विचारल्यावर उत्तर खरं मिळालं, म्हणून दंड लावला नाही. पडदा बंद झाल्यावर ओमकार बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसला.

"आक्का, जिंकायची केस हातानं घालवलीसा."

"माल सुटला न्हवं?" त्रिशला म्हणाली. "मग पुढचं मी बघते. आणि ओमकार, पुढच्या खेपेला कागदावर आधीच क्लिप लिहायचं."

खोकी निपाणीला आली आणि खरी कसोटी सुरू झाली. वाढीव करामुळे सांगितलेला भाव परवडेना. फोनवर कळवून ती मोकळी झाली असती, पण ती स्वतः गावोगाव फिरली. मला खिशात ठेवून. 'भाव वाढला, माझा अंदाज चुकला, नको असंल तर सोडा,' असं तोंडावर सांगायची. काही जण तिथेच फिरले. एकाने तर 'ट्यूब फुकट मिळती की' म्हणून हसून घेतलं. ती ऐकून घ्यायची, त्याच्या बोअरची वायर बघायची, कुठे सोललीय ते बोटाने दाखवायची आणि पुढच्या शेताला जायची. उन्हाने तिचा चेहरा रापला. एकही दिवस ती घरी बसली नाही. हळूहळू खोकी रिकामी होऊ लागली.

नेमगोंडांनी हे सगळं बघितलं होतं. एक दिवस त्यांनी घरच्या बोअरची मोटर वर काढायला लावली आणि पाइपावर जिथे जिथे जुनी ट्यूब उरली होती तिथे नवी क्लिप बसवून घेतली. प्रत्येक स्क्रू त्यांनी स्वतः आवळून पाहिला. मोटर खाली गेली. पेटी उघडी होती. बटन दाबायला माणूस पुढे झाला.

"थांब रं," नेमगोंडा म्हणाले.

ते चालत पेटीजवळ गेले. त्रिशला शेजारी उभी होती, पण तिने त्यांचा हात धरला नाही. त्यांनी बटन दाबलं. खाली मोटर घुमली आणि पाणी आलं. पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरून त्यांनी ते पाणी तोंडावर मारलं आणि तसेच उभे राहिले. त्रिशला रडत होती आणि रडू आवरायचा प्रयत्नही करत नव्हती. खिशात बसून मीही, रडता आलं असतं तर, रडले असते.

मग ती मला घेऊन वडगावला आली. राजाबाईंनी माग थांबवला. मी पुन्हा त्याच पायाला, त्याच वायरवर बसले, आणि या खेपेला कुणाची पाहुणी म्हणून बसले नाही. तिथेच आहे अजून. भुसा येतो, तेल येतं, कधीतरी राजाबाई फडक्याने पुसतात. स्क्रू सैल झालाय का, तेवढं मात्र त्या दर अमावास्येला माग बंद असताना न चुकता बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेतात किंवा शाळेत कुठे वायर लोंबताना दिसली तर तिला हात लावू नका. मोठ्यांना हाक मारा, आधी वीज बंद करायला सांगा आणि ती नीट बांधून घ्या. ट्यूब, दोरी, चिंधी यांवर भागवू देऊ नका. दुकानात जा आणि माझ्यासारखी एखादी मागा. ती पंपाची का मागाची, असं दुकानदाराने विचारलं, तर वायर धरायची म्हणून सांगा.