पुढच्याची पाठ

सभागृहासाठी काढलेलं आठ फुटी चित्र पुरं होऊन चार दिवस झाले, तरी चित्रकाराचा पाय एका जागी ठरत नव्हता. शिडीवर चढायचा, उतरायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. हरलेलं सैन्य चिखलातून माघारी निघालंय, असा देखावा. शंभर माणसं आणि शंभरही चेहऱ्यांवर असे हाल, की समितीचे अध्यक्ष बघून गहिवरले होते. मधोमध त्यांचे आजोबा होते, हेही एक कारण असेल.

अध्यक्षांचं सोडा, चित्रकाराच्या बाबांनी चित्र पाहिलं नव्हतं. बाबा तरुणपणी अशाच माघारीत चालले होते आणि घरात त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. मग मुलानं सगळं सैन्य एकट्या मेव्हण्यावरून उभं केलं. मेव्हणा उपाशी सैनिक म्हणून बसायचा, पण जेवण झाल्यावर.

बारा वाजता हमाल येणार होते. नऊला बाबा आले. चित्रासमोर उभे राहिले ते राहिलेच.

"बोला की, बाबा."

"हे सगळे आपल्याकडे का बघतायत?"

"म्हणजे?"

"फोटोला थांबल्यासारखे. चालताना कोण वर बघतं? पुढच्याची पाठ दिसते, बस."

"नुसत्या पाठी काढल्या तर लोक काय बघतील?"

"आम्ही काय बघितलं?"

मुलानं पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या.

"अकरा दिवस एकच पाठ होती माझ्यापुढे," बाबा चित्रालाच सांगत होते. "डाव्या खांद्यावर ठिगळ. तो थांबला की मी थांबायचो. बाराव्या दिवशी पुढे दुसरीच पाठ. ठिगळवाल्याचं तोंड पाहिलंच नव्हतं मी. विचारणार कुणाला, नि काय म्हणून?"

मुलगा थांबला. ब्रश घेतला. जागा मधोमधच हवी होती. अध्यक्षांच्या आजोबांना नऊ वाजून वीस मिनिटांनी वीरगती प्राप्त झाली.

"ठिगळ खाली घे," मागून हुकूम येत होते. "अजून. वाकून चालायचा तो."

पावणेबाराला मुलानं घाम पुसला. "अध्यक्षांना सांगू, ही आजोबांचीच पाठ आहे म्हणून. कुणी बघितलीय?"

बाबा गर्रकन वळले. "खबरदार! दुसऱ्या कुणाची म्हणायची नाही. त्याचीच आहे."

"बरं. मग अध्यक्ष मला उभा चिरतील."

"चिरू देत."

रंग ओला, म्हणून हमालांनी चित्राचं तोंड मागे ठेवून ते हातगाडीवर बांधलं. गाडी हलली, तसे बाबा तिच्या मागोमाग चालू लागले, अगदी दोन हातांवरून.

"आजोबा, बाजूनं चला. धडकाल!" गाडी ओढणारा हमाल ओरडला.

"तू ओढ."

मुलगा धावत पाठोपाठ निघाला. अध्यक्षांना काय सांगायचं, ते त्याला अजून सुचत नव्हतं. पुढे बाबा चालले होते. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बराच खाली आहे, हे त्याला चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं.