जिन्यातला दोर

टिण्ण. दुपारच्या शांततेत खालच्या दाराची घंटा वाजली आणि मी वरपासून खालपर्यंत शहारलो.

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. आम्सटरडॅममधल्या या उभ्या, अरुंद जिन्यातच माझा जन्म गेला. वरच्या मजल्यावरून मला ओढलं की रस्त्यावरचं दार उघडतं. आधी उघडायचं, मग ‘कोण?’ म्हणून विचारायचं, अशीच इथली रीत.

मला ओढण्याचा मान घरातल्या छोट्या हेस्टरचा. पाववाला खालूनच तिला ‘दरवानबाई’ म्हणून चिडवायचा. मग जर्मन फौजा शहरात आल्या आणि ज्यू कुटुंबांना घराघरांतून नेऊ लागल्या. हेस्टरचं घर ज्यूच. आईने तिला बजावलं, की आता घंटा वाजली तरी दोराला हात लावायचा नाही. पण एका संध्याकाळी बाबांना यायला उशीर झाला होता. घंटा वाजली. पोर आनंदाने धावली आणि तिने मला ओढलं.

जिन्यावर सैनिकांचे बूट वाजले. तिची बोटं माझ्याभोवती अशी आवळली, की आईला ती एकेक करून सोडवावी लागली.

युद्ध संपल्यावर छळछावणीतून हेस्टर एकटीच परतली. पुढे ती लेखिका झाली. शाळाशाळांतून बोलली, हाकलल्या जाणाऱ्या निर्वासितांसाठी भर चौकात पोलिसांसमोर उभी राहिली. तिच्या म्हातारपणी हे घर रिकामं झालं, तेव्हा तिने ते भाड्याने घेतलं. मालक म्हणाला, विजेचं बटण बसवू, हा कुजका दोर काढून टाकू. ती म्हणाली, राहू द्या. चौकात न घाबरणारी ही बाई मला हात लावताना मात्र अजून कचरते.

सध्या तिच्याकडे आफ्रिकेतल्या इरिट्रियाची एक बाई आणि तिची लेक सेलाम लपून राहतात. त्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघालाय.

आज सेलामची आई बाहेर गेली होती. घंटा वाजताच सेलाम ‘आई’ म्हणत माझ्याकडे झेपावली. हेस्टरने तिचं मनगट धरलं. खिडकीतून तिला नुसती एक काळी छत्री दिसली. घंटा पुन्हा वाजली. मग दारातल्या पत्राच्या फटीतून आवाज आला.

“हेस्टरबाई, वाटाण्याचं सूप आणलंय. उघडताय, की पायरीवर बसून मीच संपवू?”

शेजारचे वीबे. हेस्टरने मला ओढलं.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, माझे धागे आता सुटणारच. पण तुमच्या घरात कुणी घंटेला घाबरत असेल, तर त्याला एकटं दाराशी सोडू नका.

सेलाम अजून माझ्याकडेच बघत होती. तिने हळूच विचारलं,

“आजी, आपण दोर ओढलाच नाही, तर ते पोलीस परत जातात?”

वीबेंची पावलं वर येत होती. दार केव्हाच उघडलं होतं. हेस्टरने मला सोडलं नव्हतं.